स्पीकरमधली घूं-घूं आणि बावीस हजारांचा डबा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा पुण्याहून फोन आला. तिथे नोकरी करतो. फैजपूरच्या घरी त्याने अब्बांसाठी म्युझिक सिस्टीम पाठवली होती. अॅम्प्लिफायर, दोन उभे स्पीकर आणि सीडी प्लेअर. चाचांना जुन्या कव्वालीचा आणि रफीसाहेबांच्या गाण्यांचा शौक, आयुष्यभर टेपरेकॉर्डरवर भागवले, म्हणून मुलाने हौसेने घेतली. पण लावल्या दिवसापासून स्पीकरमधून सतत घूं-घूं असा आवाज. गाणे जोरात असले की दबतो, दोन ओळींच्या मधे जागा मिळाली की परत वर येतो. जिथून माल घेतला त्या दुकानात विचारले तर उत्तर मिळाले, "तुमच्या गावाकडची लाईट खराब आहे. पॉवर कंडिशनर लावा, आवाज जाईल." किंमत बावीस हजार. पैसे भरण्याआधी त्याने आम्हाला विचारले, "सर, घेऊ का?"

आम्ही म्हटले, रविवारपर्यंत थांब.

हा लेख त्या रविवारचा आहे. असा प्रश्न आता बऱ्याच घरांत येतो. कोणी टीव्हीला साऊंडबार लावतो, कोणी होम थिएटर घेतो, कोणाची मुले घरीच माईक लावून नात किंवा अभ्यासाचे व्हिडिओ रेकॉर्ड करतात, आणि सगळ्यांना कधी ना कधी ही घूं-घूं भेटते. मग दुकानदार, यूट्यूब आणि शेजारचा हुशार मुलगा असे तीन डॉक्टर तीन औषधे सांगतात. त्यातले एक औषध फुकट आहे, आणि तेच जीव घेणारे आहे. त्यावर पुढे येऊ.

लाईट खराब म्हणजे काय खराब?

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची. म्हणजे ती एका सेकंदात ५० वेळा पूर्ण पुढे-मागे होते. कागदावर ही लाट गुळगुळीत काढतात, दहावीच्या मुलांना फळ्यावर आम्हीही तशीच काढून दाखवतो. प्रत्यक्षात फैजपूर, सावदा, रावेर, यावल या केळीच्या पट्ट्यात ती तशी राहत नाही. शेतातल्या मोटारी सुरू होतात तेव्हा प्रत्येक मोटार सुरुवातीच्या क्षणी नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. त्या लाईनवर असलेल्या घरातला दिवा तेवढ्यापुरता मंद होतो. गावात पिठाची चक्की असते, वेल्डिंगचे दुकान असते, घराघरात स्वस्तातले एलईडी बल्ब आणि मोबाईल चार्जर असतात. हे सगळे त्या लाटेवर आपापले ओरखडे उमटवतात. डीपीपासून घर जितके लांब तितका हा त्रास जास्त.

तेव्हा दुकानदार अगदी खोटे बोलत नव्हता. पण "लाईट खराब" या दोन शब्दांत तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांचे औषध एक नाही. व्होल्टेज कमी-जास्त होणे हा पहिला, त्याला स्टॅबिलायझर लागतो. वीज कडाडली किंवा लाईट एकदम परत आली की क्षणभर येणारा जोराचा झटका हा दुसरा, त्याला स्पाइक गार्ड किंवा सर्ज प्रोटेक्टर. आणि लाटेवर बसलेली बारीक किरकिर, जिला इंग्रजीत नॉईज म्हणतात, हा तिसरा. पॉवर कंडिशनर मुख्यतः या तिसऱ्यासाठी असतो. काही कंडिशनरमध्ये दुसऱ्याचेही औषध असते. पहिल्याचे बहुतेकांत नसते, आणि खान्देशात खरा जाच पहिल्याचाच! बावीस हजार देऊन व्होल्टेज सरळ होईल असे समजून घेणाऱ्याची मोठी निराशा होते.

डीपीवर न्यूट्रल तुटला तर काय होते ते इथे बहुतेकांनी पाहिले असेल. एका ओळीतल्या घरांचे बल्ब, पंखे, टीव्ही एका झटक्यात जातात, कारण काही घरांत व्होल्टेज साडेतीनशेच्या वर चढू शकते. साधा कंडिशनर तिथे काहीच करत नाही, उलट स्वतः जळतो. तिथे उपयोग होतो तो जास्त व्होल्टेज आले की लाईन तोडणाऱ्या हाय-कट यंत्राचा.

डब्याच्या आत

कंडिशनरचा डबा उघडला तर आत काय दिसते? बहुतेकांत तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि कपॅसिटर. गुंडाळी वेगाने बदलणाऱ्या किरकिरीला अडवते, कपॅसिटर तिला बाजूला वळवून न्यूट्रलकडे आणि अर्थकडे पाठवतो. ५० हर्ट्झची मूळ वीज मात्र निवांत पुढे जाते. शेजारी एमओव्ही नावाची छोटी गोल चकती असते. ती नेहमी गप्प बसते, व्होल्टेजचा झटका आला की तो स्वतःवर घेते. प्रत्येक झटक्यात ती थोडी थोडी झिजते. त्यामुळे पाच-सात वर्षांच्या डब्यावरचा हिरवा दिवा चालू असला म्हणजे आतले संरक्षण जिवंत आहे असे समजू नका.

महागड्या डब्यांत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे घरची लाईन आणि यंत्र यांत तारेची थेट जोडणीच राहत नाही. त्याहून महाग प्रकार आलेली वीज आधी डीसी करतो आणि त्यातून नवी कोरी लाट तयार करतो. हौसेला तर सीमाच नाही. जपानमध्ये काही शौकीन मंडळींनी फक्त म्युझिक सिस्टीमसाठी घराबाहेर स्वतःचा विजेचा खांब आणि स्वतःचा ट्रान्सफॉर्मर बसवून घेतला आहे. आपल्याकडे डीपी जळाल्यावर नवा मिळेपर्यंत लोक हेलपाटे घालतात, आणि तिकडे एका माणसाच्या दोन स्पीकरला एक डीपी! असो.

एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. अॅम्प्लिफायरच्या आतही एक गाळणी असते. भिंतीतून आलेली वीज आधी आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून जाते, मग रेक्टिफायर तिला एका दिशेची करतो, मग मोठे कपॅसिटर तिला सपाट करतात. लाईनवरची बरीच किरकिर इथेच मरते. बरे बनवलेले अॅम्प्लिफायर असेल तर लाईनच्या किरकिरीपैकी फार थोडी कानापर्यंत पोहोचते. "कंडिशनर लावला आणि गाण्यावरचा पडदा हटला" असे जे सांगतात, त्यांना आमचे एकच म्हणणे आहे. घरातल्या कोणाला तरी तुमच्या नजरेआड तो लावायला-काढायला सांगा आणि दहा वेळा ओळखून दाखवा.

मग चाचांच्या घरातली घूं-घूं आली कुठून?

रविवारची तपासणी

असरनंतर आम्ही गेलो. बरोबर एक मीटर, एक टेस्टर आणि नववीतला आमचा मुलगा, कारण त्याचे कान आमच्यापेक्षा चांगले आहेत.

पहिली गोष्ट केली ती आवाजाचे बटण शून्यावर आणायची. हे तुम्हीही घरी करून पाहू शकता. शून्यावर आणूनही घूं-घूं तशीच राहिली तर दोष अॅम्प्लिफायरच्या आत आहे. जुन्या यंत्रात बहुधा ते मोठे कपॅसिटर सुकलेले असतात, त्यांचे डोके फुगलेले दिसते. ते काम मेकॅनिकचे, कंडिशनरचे नाही. बटणाबरोबर घूं-घूं कमी-जास्त होत असेल तर ती बाहेरून, जोडलेल्या वायरीतून येते आहे. चाचांकडे ती कमी-जास्त होत होती.

मग एकेक वायर काढायला लागलो. सीडी प्लेअरची काढली, फरक नाही. टीव्हीचा आवाज सिस्टीमवर यावा म्हणून टीव्हीपासून एक ऑडिओ वायर आणली होती, ती काढली. एकदम शांत! परत लावली, घूं-घूं परत. आता ती वायर तशीच ठेवून टीव्हीच्या पाठीमागची केबलवाल्याची जाड काळी वायर काढली. परत शांत. मुलगा म्हणाला, चोर सापडला.

अर्धाच सापडला होता. केबल टीव्हीच्या वायरीला बाहेरून तारेची जाळी असते आणि ती गावात कुठेतरी जमिनीला जोडलेली असते. ती जाळी टीव्हीच्या बॉडीला, टीव्हीची बॉडी ऑडिओ वायरीच्या जाळीला आणि ती अॅम्प्लिफायरच्या बॉडीला. अॅम्प्लिफायर किंवा प्लेअरमधून थोडा करंट नेहमीच बॉडीवर गळत असतो. फार थोडा, पण असतो. त्याने खरे तर प्लगच्या मोठ्या पिनमधून अर्थिंगला जायचे. तो जात होता ऑडिओ वायरीच्या जाळीतून टीव्हीकडे आणि तिथून केबलवाल्याच्या वायरीने गावभर. ज्या वायरीतून कव्वाली येते त्याच वायरीतून ५० हर्ट्झचा करंट वाहत असेल तर स्पीकर दोन्ही वाजवणार, त्याला काय कळते.

पण मग तो मोठ्या पिनमधून का जात नव्हता? याचे उत्तर चाचींनी दिले. चहा घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, "त्या डब्यावरून ओला कपडा फिरवला की हाताला झिणझिण्या येतात. मला वाटायचे माझे सांधे."

आम्ही मीटर लावला. केबलची वायर काढलेली असताना अॅम्प्लिफायरची बॉडी आणि न्यूट्रल यांच्यात ९८ व्होल्ट. बोलता बोलता खोली गप्प झाली. त्यांचा दीड वर्षाचा नातू त्याच वेळी स्पीकरला धरून उभा राहायचा प्रयत्न करत होता. नुकतीच फरशी पुसलेली होती.

दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावला. बोर्ड उघडल्यावर आत हिरवी वायर होती, पण ती कशालाच जोडलेली नव्हती, मागे दुमडून ठेवली होती. मीटरजवळ पाहिले तर त्या घराला अर्थिंगचा खड्डाच नाही. घर बारा वर्षांचे, वर टाईल, खाली टाईल, सगळे नवे. फक्त जी गोष्ट दिसत नाही तीच केलेली नव्हती.

आता विचार करा, तिथे बावीस हजारांचा कंडिशनर लावला असता तर काय झाले असते. त्याच्या फिल्टरमधले कपॅसिटर किरकिर अर्थकडे ढकलतात हे वर लिहिलेच आहे. अर्थची पिन पुढे कुठेच जात नसेल तर फेज आणि न्यूट्रल यांच्यामधले, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट त्या पिनवर येऊन बसतात. कंडिशनरला लावलेल्या प्रत्येक यंत्राची धातूची बॉडी त्या पिनला जोडलेली. आधी एका डब्याला झिणझिण्या येत होत्या, मग सगळ्यांना आल्या असत्या. करंट थोडा असतो हे खरे, त्याने सहसा जीव जात नाही. पण ज्या घरात झिणझिण्या येतात त्या घरात उद्या खरा फॉल्ट झाला तर त्याला जमिनीत न्यायला कोणी नाही, एवढे त्यातून नक्की कळते. अर्थिंग नसलेल्या घरात कंडिशनर निम्मे काम करतच नाही आणि वर घातक ठरू शकतो. डब्याबरोबरच्या पुस्तिकेत ही गोष्ट असते, बारीक अक्षरात.

फुकटचे औषध

घूं-घूं घालवायचा एक उपाय पुष्कळ मेकॅनिक सांगतात. तीन पिनच्या प्लगची मोठी पिन काढून टाका किंवा दोन पिनचा अॅडॉप्टर लावा. घूं-घूं खरोखर जाते, कारण करंटची वाट तुटते. हे आम्ही ऐकीव लिहीत नाही.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी आमच्याच घरी जुना अॅम्प्लिफायर होता आणि तो असाच घुमत होता. एका ओळखीच्या मेकॅनिकने मोठी पिन काढून दिली. आवाज बंद. विज्ञान शिकवणारे आम्ही, पण खूश झालो आणि विसरून गेलो. पुढच्या पावसाळ्यात त्याच अॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन गेले आणि फेज सरळ बॉडीवर आला. अम्मी वजू करून आल्या होत्या, हात ओले, पाय उघडे. टीव्हीचा आवाज कमी करायला म्हणून बटणाला हात लावला आणि मागे फेकल्या गेल्या. फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या. बोटे आवळली जाऊन हात चिकटला असता तर आज हा लेख आम्ही लिहिला नसता. त्यांचे मनगट मोडले, दीड महिना प्लास्टर. त्या अजूनही कोणाला सांगताना "पाय घसरला होता" एवढेच सांगतात, आमची लाज झाकायला.

मोठी पिन असती तर काय झाले असते? बॉडीवर आलेला फेज त्या पिनमधून जमिनीत धावला असता, करंट एकदम वाढून फ्यूज उडाला असता आणि अॅम्प्लिफायर नुसता बंद पडला असता. ती पिन जाड आणि लांब का असते, हे आम्ही वर्गात दरवर्षी विचारतो. लांब यासाठी की प्लग घालताना ती सगळ्यात आधी लागावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. जाड यासाठी की चुकूनही ती फेजच्या भोकात जाऊ नये. एवढा विचार करून बनवलेली वस्तू आपण पक्कड घेऊन कापतो.

काही उपकरणांना मुळातच दोन पिना असतात. त्यांच्या मागे चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्यांना दुहेरी इन्सुलेशन दिलेले असते, ती तशीच वापरायची. आम्ही बोलतोय ते तीन पिनवाल्याची एक पिन काढण्याबद्दल.

दुसरा एक शॉर्टकट त्याहून वाईट आहे. अर्थिंग नसेल तर बोर्डाच्या आत न्यूट्रलची वायर अर्थच्या भोकाला जोडून देतात. मीटर लावला तर सगळे ठीक दिसते, घूं-घूंही कमी होते. पण कुठे न्यूट्रल सुटला की घरातल्या फ्रिजपासून वॉशिंग मशीनपर्यंत प्रत्येक बॉडीवर पूर्ण फेज येतो. तुमच्या घरी असे केले आहे का, हे वायरमनला स्पष्ट विचारा. विचारायला लाजू नका.

अर्थिंगबद्दल थोडे

अर्थिंग कशी करायची याचे भारतीय मानक आहे, त्याचा क्रमांक आयएस ३०४३. आपल्याकडे जुनी पद्धत म्हणजे खड्डा, त्यात जस्त चढवलेला लोखंडी पाईप किंवा तांब्याची प्लेट आणि भोवती कोळसा-मीठ. आता केमिकल अर्थिंगचे तयार पाईपही मिळतात. पद्धत कोणतीही असो, वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून आकडा घ्या. तो ओहममध्ये येतो, जितका कमी तितका चांगला. मुलांना गणित म्हणून द्यायलाही हे बरे आहे. अर्थिंगचा विरोध ५० ओहम असेल तर २३० व्होल्टचा फॉल्ट जमिनीत किती करंट पाठवेल? ४.६ अँपिअर. घरातला १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याने हलतही नाही. म्हणजे खड्डा आहे, पाईप आहे, हिरवी वायर आहे, तरी बॉडी जिवंतच राहते.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, काळी जमीन भेगाळते, आणि खड्ड्यातली ओल गेली की त्याच अर्थिंगचा आकडा वाढतो. उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकायची जुन्या लोकांची सवय शहाणपणाची होती. नळाच्या पाईपला अर्थिंग जोडण्याची सवय मात्र सोडा, पाईप आता प्लास्टिकचे आहेत.

आणि आरसीसीबी लावा. फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो लाईन तोडतो. फरक पडला याचा अर्थ करंट दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने गेला, आणि ती वाट माणूसही असू शकतो. कंडिशनरपेक्षा याची किंमत कितीतरी कमी असते, आणि हा विकत घ्या म्हणून कोणता म्युझिकवाला फोन करत नाही.

इन्व्हर्टर, रेग्युलेटर आणि खिशातला फोन

अर्थिंग झाल्यावर चाचांकडची घूं-घूं बरीच कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. आता घरचे अर्थिंग आणि केबलवाल्याचे अर्थिंग अशी दोन टोके झाली, आणि दोघांमध्ये थोडा फरक राहतोच. यावर औषध म्हणजे टीव्हीच्या ऑडिओ वायरीत बसवायचा छोटा आयसोलेटर, म्हणजे दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असलेली डबी. काहीशे रुपयांत मिळते. ज्यांच्या अॅम्प्लिफायरला किंवा साऊंडबारला ऑप्टिकल वायरची जागा आहे त्यांनी तीच वापरावी. त्या वायरीतून उजेड जातो, वीज जातच नाही, मग घूं-घूं जाणार कुठून. टीव्ही, प्लेअर आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावले तरी पुष्कळ फरक पडतो.

लाईट गेल्यावर येणारा आवाज वेगळा असतो. घूं नाही, झर्र. २००५ च्या सुमारास आणि पुढे काही वर्षे भारनियमन इतके होते की खान्देशात जवळपास प्रत्येक बऱ्या घरात इन्व्हर्टर आला. त्यातले पुष्कळ स्क्वेअर वेव्हचे, आणि काही अजून चालू आहेत. त्यांची लाट गोल नसते, चौकोनी असते. चौकोनी लाटेचे कोपरे म्हणजेच किरकिर. पंखासुद्धा त्यावर घुमतो. शिवाय तिचा माथा खुजा. भिंतीतली २३० व्होल्टची लाट वर ३२५ व्होल्टपर्यंत पोहोचते, चौकोनी लाट २२०-२३० लाच थांबते, आणि अॅम्प्लिफायरचे कपॅसिटर माथ्यापर्यंतच भरतात. म्हणून आवाजात दमही राहत नाही. अशा इन्व्हर्टरवर फिल्टरचा कंडिशनर लावू नका, कपॅसिटर तापतात. बॅटरी बदलायची वेळ आली की इन्व्हर्टरच प्युअर साईन वेव्हचा घ्यावा, त्यात गाण्याबरोबर पंखा-फ्रिजचेही भले होते.

पंखा सावकाश फिरवला की झर्र आणि पूर्ण वेगात फिरवला की गायब, असे होत असेल तर गुन्हेगार रेग्युलेटर. बटण सलग फिरणारा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लाटेचे तुकडे पाडतो. खट-खट पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला बसवला की आवाज थांबतो. शिलाई मशीनची मोटार, मिक्सर यांच्या ब्रशमधून ठिणग्या उडतात, त्यांची चरचर रेडिओवर जास्त येते. आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस मीडियम वेव्हवर ऐकणाऱ्या पिढीला हे सांगायला नको. आणि टिर्र-टिर्र, टिर्र-टिर्र असा ठेक्यात आवाज आला तर स्पीकरजवळ ठेवलेला मोबाईल उचला.

लॅपटॉप चार्जिंगला असताना आवाज आणि चार्जर काढला की शांतता, हेही नेहमीचे. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलांनी रेकॉर्डिंगपुरते बॅटरीवर चालवावे. मस्जिदीत किंवा हॉलमध्ये माईकची वायर लांब असते, तिथे आत तीन तारा असलेली बॅलन्स्ड वायर वापरतात. दोन तारांवर एकच आवाज उलट-सुलट जातो, वाटेत शिरलेली घूं-घूं दोघांवर सारखी बसते आणि शेवटी वजा होते. ही बिनखर्चाची युक्ती कित्येक ठिकाणी वाया जाते, कारण ती वायर तुटल्यावर कोणीतरी दोनच तारा जोडून देतो.

मग कंडिशनर घ्यायचाच नाही?

असे आम्ही म्हणत नाही. अर्थिंग चांगली आहे, वायरी एकेक काढून पाहिल्या, इन्व्हर्टर आणि रेग्युलेटर तपासले, तरी ठराविक वेळी, म्हणजे चक्की किंवा वेल्डिंग सुरू झाल्यावरच झर्र येते, तर ती खरोखर लाईनमधून येते आहे. तिथे फिल्टर काम करतो. आजकाल छतावर सोलर बसते, त्याच्या इन्व्हर्टरमुळे कुठे रेडिओत किरकिर येते, तिथेही तो मदत करू शकतो. घेताना दुकानदाराला विचारा की आत नुसती एमओव्ही आहे की गुंडाळीचा फिल्टरही आहे, किती अँपिअर झेपतात, व्होल्टेज सांभाळतो की नाही, आणि फरक पडला नाही तर आठ दिवसांत परत घेणार का. शेवटच्या प्रश्नावर दुकानदाराचा चेहरा बघा. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घेत असाल तर जोडणी स्वतः करू नका, त्याच्या पुढच्या बाजूच्या अर्थिंगचे नियम वेगळे आहेत.

आणि कितीही महाग डबा असला तरी मे-जूनच्या वादळात, ज्या वाऱ्यात केळीच्या बागा आडव्या होतात त्या वाऱ्यात, प्लग आणि केबलची वायर दोन्ही काढून ठेवा. आकाशातल्या विजेला आमच्या माहितीत दुसरे औषध नाही.

चाचांच्या घरी खड्डा, पाईप, घरभर हिरवी वायर जोडणे, आरसीसीबी आणि टीव्हीच्या वायरीतला आयसोलेटर मिळून बावीस हजारांच्या निम्म्याहून कमी खर्च आला. रात्री घूं-घूं ऐकू येत नाही. संध्याकाळी गल्लीच्या टोकाची चक्की सुरू झाली की अजून हलकी झर्र येते. मुलगा म्हणतो, आता तरी फिल्टर घेऊ. चाचा म्हणतात, चक्की इशापर्यंत बंद होते, मी त्यानंतर ऐकतो.

चाची आता ओला कपडा फिरवायच्या आधी प्लग काढतात. झिणझिण्या येत नाहीत, तरी काढतात.